गुंजेच्या डोळ्याची आणि मोडलेल्या मौनाची बखर

॥ श्री ॥ प्रथम नंदीच्या कानी सांगोन, मग शंकरास नमन करोन, मग हुजुरांचे, म्हणजे बालवाडीचे समितीचे, सेवेसी हे वर्तमान लिहिले आहे. नंदीस आधी सांगावयाचे कारण की पुढे बैलांचाच विषय आहे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण वद्य अमावास्या, सोमवार, ते दिवशी पोळ्याचा सण असता आमचे राज्यात जे घडले ते कसे घडले, कोणाचे चुकीने घडले, आणि कारभारीण ठेवावी की काढावी, हे तपशीलवार लिहोन पाठवणे, ऐशी आज्ञा जाली. आज्ञा शिरसावंद्य. जे पाहिले ते पाहिले म्हणोन लिहिले, जे ऐकले ते ऐकले म्हणोन लिहिले, आणि जे स्वतः केले तेही झाकिले नाही.

राज्य म्हणावे तर थोरले नव्हे. समाजमंदिरामागली एक खोली, पुढे ओटा, ओट्यापुढे कडुनिंब, इतकाच मुलूख. प्रजा अशी नाहीच, सारेच सरदार. संख्या एकोणीस, वय तीन वर्षांपासोन पाचांपर्यंत. कोणी नाक पुसो देत नाहीत, कोणी चपला उलट्या घालोन स्वारीस निघतात, परंतु खिचडीचे वेळी सर्वांचा एक विचार होतो. कारभार आसावरीबाईंचे हाती. वय चोवीस, बालवाडीचे शिक्षण पुरे करोन गेल्या वर्षी आल्या आणि सर्वांस अहोजाहो करितात, सरदारांससुद्धा. मुदपाकखाना कौसाबाईंकडे. त्या मोठ्याने बोलतात, मोठ्याने हसतात, आणि पातेले हळू ठेवणे त्यांस ठाऊक नाही. तिसरी ही लिहिणारी, वय एकसष्ट, गोष्टी सांगणे, हात धुविणे, रडे थांबविणे या कामावर. सर्व माई म्हणतात, सरदार माईआजी म्हणतात. श्रावणातले सोमवारी लिहिणारी माध्यान्हीपर्यंत मौन पाळते, यास अकरा वर्षे जाली. सरदारांस याची सवय आहे. ओंजळ दाखविली की पाणी, गालाखाली हात नेला की निजणे, कान धरिला की कोणी तरी चुकले. त्या दिवशी तेही हळू बोलतात, आणि कौसाबाई म्हणतात, "आज माई देवाच्या ताब्यात आहेत, त्यांना काही विचारू नका."

तो आसावरीबाईंनी आल्या आल्या एक चौकी बसविली होती, ती आधी सांगितली पाहिजे. टिश्यू कागदाची गुंडाळी सरली म्हणजे आत पुठ्ठ्याची नळी राहते, दोन बोटे रुंद. ती सुतळीने दाराचे चौकटीस बांधिली आणि हुकूम फिरविला की जी वस्तू या नळीतोन आरपार जाईल ती लहान सरदारांचे हाती येणार नाही, कारण जे नळीतोन जाते ते घशातोनही जाते. मग शर्टाची बटणे हद्दपार जाली, तुटल्या माळेचे मणी गेले, थर्माकोलच्या गोळ्या गेल्या आणि चमकीची पुडी गेली, ती डोळ्यात जाते म्हणोन. रंगाचे बाटलीवर आत काय घातले ते लिहिले नसेल तर ती बाटलीही परत. चिकटविण्यास कौसाबाईंनी कणकेची खळ शिजवोन द्यावी ऐसे ठरले. कौसाबाई म्हणाल्या, "बाई, माझे तांदूळसुद्धा जातायत हो नळीतनं. खिचडी बंद करू का?" आसावरीबाई हसोन म्हणाल्या, "शिजवून आणा मावशी, शिजल्यावर तुमचा गुन्हा माफ." लिहिणारीही हसली. मनात म्हटले, आम्ही चिंचोके आणि सागरगोटे खेळत वाढलो, आम्हांस कोणी नळी लाविली? ऐसे मनात आले हे खरे, म्हणोन लिहिले.

मग पोळा जवळ आला. सरदारांनी आपापले हाते मातीचा बैल करावा आणि दुपारी पूजा करावी, ऐसा बेत ठरला. कुंभारवाड्यातोन माती आणिली. आसावरीबाईंनी ती स्वतः चाळणीने चाळिली आणि काचेचा एक तुकडा व खिळ्याचे टोक बाहेर काढोन दाखविले, तेव्हा कौसाबाईसुद्धा गप्प जाल्या. शनिवारी, शनिप्रदोषाचे दिवशी, डोळ्यांचा विषय निघाला. आसावरीबाई म्हणाल्या, "डोळे बोटाने दाबू. दोन खड्डे केले की झालं." लिहिणारी म्हणाली, "आंधळा बैल पुजायचा का गं?" आणि पिशवीतोन पितळेची डबी काढिली.

डबीची हकीगत अशी. लिहिणारीचे वडील सोनार. ते सोने गुंजांनी तोलीत. लाल चुटुक दाणा आणि टोकाशी काळा तीळ, जणू कोणी टक लावोन पाहते आहे. वडील गेले, तराजू भावाकडे गेला, डबी लिहिणारीकडे आली आणि देवघरात बसली. एकवीस वर्षे रोज तीस हळदकुंकू वाहिले आहे. माहेरी पोळ्याचे बैलांस गुंजांचेच डोळे असत, परंतु ते वडील स्वतः बसवीत आणि पूजा सरताच स्वतः मोजोन काढीत. आम्हां मुलांचे हाती देत नसत. एकदा लहानपणी एक दाणा दाताखाली धरिला होता, तेव्हा जन्मात एकदाच त्यांनी मारिले. मला वाटले, वजनाचा दाणा खराब केला म्हणोन मारिले. पंचावन्न वर्षे तेच वाटत होते. ते काय ओरडले होते ते कानात होते, पण ध्यानात नव्हते.

त्याच शनिवारी सकाळी, घरोन निघण्याआधी, स्नान करोन, स्तोत्र म्हणत, मी डबीतल्या चाळीसही गुंजा काढिल्या आणि सुई निखाऱ्यावर लाल करोन एकेकीस भोक पाडिले, आणि त्यात खराट्याचा बारीक हीर खोविला. कशासाठी, तर डोळा मातीत घट्ट बसावा, निघोन कोणाचे तोंडात जाऊ नये म्हणोन. काळजी घ्यावी म्हणोन केले, हुजुरांनी हे वाचताना ध्यानात घ्यावे. सुटका व्हावी म्हणोन सांगत नाही, काळजी कशी फसते ते कळावे म्हणोन सांगते.

आसावरीबाईंनी एक गुंज तळहातावर घेतली. नळीकडे पाहिले. मग माझेकडे पाहिले. "माई, ही तर नळीतून..." त्या इतकेच बोलल्या. मी म्हटले, "अगं, देवाघरची वस्तू आहे ती. तिला कसली नळी?" हळू आवाजातच म्हटले. माझा आवाज चढत नाही, उपासतापास करिते म्हणोन लोक मानितात, आणि माझे बोलणे मोडणे त्यांस जड जाते. हे मला ठाऊक होते आणि त्या दिवशी मी ते वापरिले. आसावरीबाईंनी गुंज डबीत परत ठेविली आणि म्हणाल्या, "बरं माई." कौसाबाई म्हणाल्या, "घ्या! देवाला चौकी माफ!" आणि तिघी हसलो. चूक तेथे जाली. सोमवारी जे जाले ते त्या हसण्याचे पुढले.

सोमवारी सकाळी सर्व सरदार ओट्यावर मांडी घालोन बसले आणि मृत्तिकायुद्ध सुरू जाले. कोणाचा बैल उंदरासारखा, कोणाचा पोळीसारखा, कोणाचे बैलास पाच पाय. सरदार शौनकराव, वय साडेचार, यांनी बैलाचे शेपूट बैलापेक्षा लांब केले आणि म्हणाले, "हा वळवळतो म्हणून." मी मौनात होते. डबी घेवोन एकेकापाशी जात होते आणि दोन दोन गुंजा हातावर ठेवीत होते, आणि सरदार ते डोळे मातीत खुपसोन ओरडत होते, "बघतोय! माझा बघतोय!" मला फार आनंद होता. मनातल्या मनात नाम चालले होते. एकोणिसांस वाटोन डबीत दोन उरल्या.

साडेदहाचे सुमारास मी रांगेने बैल पाहात निघाले, तो सरदार गिरिजाबाईंचे बैलापाशी थांबले. गिरिजाबाई वय साडेतीन, शिवणकाम करणाऱ्या वनमालाबाईंची लेक. फार थोडे बोलते. हजेरीस कधी ओ देत नाही, नुसते बोट वर करिते. तिचा बैल सुबक होता, आणि त्यास डोळा एकच होता. दुसरे बाजूस खड्डा. हीर पायाशी पडला होता. गुंज नव्हती. मांडीवर नव्हती, मुठीत नव्हती, पोलक्याचे खिशात नव्हती. तिने माझेकडे पाहिले आणि ओठ घट्ट मिटोन घेतले.

त्या क्षणी वडिलांचा आवाज पंचावन्न वर्षांनी स्पष्ट ऐकू आला. "अख्खी असली तर असली, फुटली की विष आहे ते, कार्टे! विष!" आणि मी एकेकीस सुईने फोडोन दिली होती.

हुजूर, येथे मला थांबोन खरे लिहिले पाहिजे. मी लगेच बोलले नाही. अकरा वर्षांचे मौन, त्यात सोमवती अमावास्या, ओठ आपोआप मिटलेले राहिले. आधी हाताने सांगो गेले. डोळ्याकडे बोट केले, तोंडाकडे केले, गिरिजेकडे केले. कौसाबाई दारातोन म्हणाल्या, "डोळ्यात काही गेलं का माई? फुंकर घालू?" मी मान हलविली, पुन्हा बैलाकडे बोट, पुन्हा तोंडाकडे. शौनकराव उभे राहिले आणि म्हणाले, "माईआजीला बैल खायचाय!" सर्व सरदार हसले, आसावरीबाईही हसल्या. मी पुन्हा पुन्हा तोंडाकडे बोट नेत होते आणि सगळे हसत होते. एक माळ जपावी इतकाही वेळ गेला नसेल, पण गेला.

मग बोलले. "गुंज! गिरिजेच्या तोंडात गुंज गेली. विष आहे ती, आसावरी, विष!" सरदार थक्क. शौनकराव टाळ्या पिटो लागले, "माईआजी बोलली! माईआजी बोलली!" आणि आसावरीबाईंचे तोंडावरचे हसू पुसोन गेले. त्या धावत आल्या, गिरिजेपुढे गुडघ्यावर बसल्या. "आ करा बरं राणी. मोठा आ." तोंडात काही नव्हते. "गिळलंत का?" गिरिजेने तोंड आसावरीबाईंचे खांद्यात लपविले आणि बोलेना. कौसाबाई तांब्या घेवोन आल्या. "मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकेल." आसावरीबाई म्हणाल्या, "नाही मावशी! काही पाजायचं नाही, घशात बोट घालायचं नाही. डॉक्टर सांगतील ते. तुम्ही आधी सगळ्या बैलांचे डोळे काढा, मोजा, आणि उंचावर ठेवा. माई, एक गुंज कागदात घ्या, दाखवायला लागेल." चोवीस वर्षांची मुलगी, परंतु आवाज असा की कौसाबाईंनी तांब्या न वाजविता खाली ठेविला. मग रिक्षा आली, आम्ही मोठ्या दवाखान्याकडे निघालो, आणि वाटेतच वनमालाबाईंस फोन केला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदातली गुंज पाहिली आणि म्हणाल्या, "अख्खी गेली असेल तर पुष्कळदा तशीच बाहेर पडते, साल कडक असते. अख्खीच होती ना?" आसावरीबाई माझेकडे पाहात होत्या, मी जमिनीकडे. "नव्हती. भोक पाडलेली होती." "कोणी पाडलं?" "मी." डॉक्टरीणबाईंनी ते लिहोन घेतले. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. मग गिरिजेस कोळशाचे काळे औषध पाजिले. तिचे ओठ, हनुवटी, पोलक्याची झालर, सारे काळे जाले आणि ती आवाज न करिता रडली. "दोन-तीन दिवस ठेवावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याचा त्रास उशिरा सुरू होऊ शकतो. आत्ता बरी दिसते म्हणून सोडता येणार नाही."

वनमालाबाई आल्या त्या गळ्यात मापाची फीत तशीच. त्यांस पिठोरीचा उपास. "कोणी दिलं हिला असलं काही?" मी म्हटले, "मी दिलं, वनमाला." त्यांनी गिरिजेची काळी हनुवटी पदराने पुसली. मग म्हणाल्या, "माई, दुसऱ्या कोणाकडे ठेवली असती तर मी चार वेळा विचारलं असतं. काय देता, काय हातात असतं. तुमच्याकडे म्हणून मी निर्धास्त मशीनवर बसते. तुम्हाला मी कधी म्हणजे कधी विचारलं नाही." दवाखान्याचे घड्याळात बारा वाजोन गेले होते. माध्यान्ह जाली, मौन सुटण्याची वेळ आली आणि गेली, आणि मला बोलावयास काही नव्हते.

संध्याकाळी कौसाबाई आल्या. एका हातात डबा, खीर आणि पुऱ्या. दुसऱ्या हातात गिरिजेचा बैल, सुपात फडक्यावर ठेविलेला, दोन्ही डोळ्यांवाचोन. "पोर विचारील म्हणून आणला," म्हणाल्या. "आणि वनमाला, उपास सोड. वाण दे पोरीला." वनमालाबाई म्हणाल्या, "कसली पूजा मावशी. मला काही सुचत नाही." कौसाबाई, ज्यांस हळू बोलणे ठाऊक नाही, त्या हळू बोलल्या. "पूजा नको करू. नुसतं विचार. आईनं विचारायचं असतं."

पिठोरीची रीत हुजुरांस ठाऊकच असेल, तरी लिहिते. आई पाठमोरी होते, वाणाची वाटी खांद्यावरोन मागे धरिते आणि विचारते, अतिथी कोण? मागे लेकरू असते. ते आपले नाव सांगते आणि वाटी घेते. इतकेच. वनमालाबाई खाटेकडे पाठ करोन उभ्या राहिल्या, वाटी मागे धरिली. "अतिथी कोण?" काही नाही. पुन्हा म्हणाल्या, "अतिथी कोण गं?" मी डोळे मिटोन घेतले. मागल्या मागे, काळ्या ओठांनी, बारीक आवाज आला, "मी." मग, "मी गिरिजा." वनमालाबाई वळल्या नाहीत, तशाच उभ्या राहिल्या. आणि गिरिजाबाई वाटी हाती घेवोन म्हणाल्या, "बैलाला नको. तो जेवला."

आसावरीबाई खाटेचे कडेवर बसल्या होत्या. त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, "हो का? काय जेवला?" "डोळा." "तुम्ही भरवलात?" "पोळ्याला बैल पहिलं जेवतो," गिरिजाबाई म्हणाल्या, जशी काही आम्हां सर्वांस ही गोष्ट ठाऊक नाही. हे तिला शुक्रवारी गोष्टीत मीच सांगितले होते, की आज घरात पहिला घास बैलाचा. आसावरीबाई म्हणाल्या, "पोटात बघू त्याच्या?" "दुखेल त्याला." मी पुढे जाले. "मी हळू बघते गं. दुखणार नाही." सणाचा बैल, पूजेचा बैल, तो मी माझे हाते उभा चिरला. ओलसर मातीत, बरोबर पोटाचे जागी, बोटाने केलेले बीळ होते आणि त्यात गुंज बसली होती. लाल, भोकासकट, आम्हां पाचींकडे टक लावोन.

कोणी हसले नाही. कौसाबाई खाली बसल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. बैलांवरोन काढिलेले सदतीस, हा एक, कागदातला एक, डबीतला एक. चाळीस भरले. डॉक्टरीणबाईंनी मोजणी दोनदा ऐकिली आणि तरी म्हणाल्या, "रात्रभर राहू द्या. उद्या सोडू." आणि दुसरे दिवशी सोडिले. मी म्हटले, "बाई, पोरीला उगीच ते काळं प्यावं लागलं." त्या म्हणाल्या, "उगीच नाही. आपल्याला माहीत नव्हतं तेव्हा तेच बरोबर होतं."

आता विचार. गुंज बैलाचे पोटात सापडली म्हणोन माझी चूक लहान जाली ऐसे कोणी म्हणू नये. ती बैलाचे पोटी गेली हा गिरिजेचा मोठेपणा, तिने आपला घास आधी दुसऱ्यास दिला. ती तिचे पोटी गेली असती तर ते माझेच हातचे असते. मी विष देवघरात ठेविले म्हणोन त्याचे औषध जाले नाही. एकवीस वर्षे हळदकुंकू वाहिले, दाणा होता तोच राहिला. देवाने कधी म्हटले नव्हते की माझे नावाने आलेली वस्तू तपासू नका. ते मी म्हटले, देवाचे तोंडी घालोन.

मौन मोडिले त्याचे प्रायश्चित्त मी घेतले नाही. पुष्कळ दिवस मनाशी विचार केला आणि ठरविले की ते मोडिले त्याचा दोष नाही. मोडावयास जो वेळ लाविला त्याचा आहे, आणि शनिवारी जे बोलले त्याचा आहे. यापुढे सोमवार पाळीन, पण सरदार समोर असता नाही. आणि दर शनिवारचा नवा नेम धरिला आहे: पुढले आठवड्यास जे सामान येईल, कागद, कातरी, खळ, माती, पाने, फुले, कोणी भक्तीने दिलेले असो वा विकत आणिलेले, ते सर्व मी स्वतः चौकीपुढे बसोन नळीशी लावोन पाहते, आणि झाडाचे बी असेल तर नाव समजल्यावाचोन आत घेत नाही. पहिल्या शनिवारी पहिली वस्तू मी डबीच लाविली. एकेक गुंज नळीत टाकिली. चाळीसच्या चाळीस खाली हातात पडल्या, एकही अडकली नाही. कौसाबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी चेष्टा केली नाही. डबी आता भावाकडे तराजूशेजारी कुलपात आहे.

हुजुरांनी तीन गोष्टी विचारिल्या. कसे घडले, ते वर लिहिले. चूक कोणाची, तर माझी. कारभारीण ठेवावी की काढावी, तर तिने नळी बांधिली, माती चाळिली, शनिवारी विचारिले, सोमवारी घाबरली नाही. तिने मला एकदाच विचारोन सोडिले, ही एकच गोष्ट तिची उणी, आणि तीही माझा मान राखावयास. तिला मी सांगितले आहे, "पुन्हा माझ्या कशाबद्दल शंका वाटली तर मान बाजूला ठेव आणि नळी पुढे कर." ती म्हणाली, "माई, ते सोपं नाही हो." मी म्हटले, "माहीत आहे. म्हणून आधी मीच ठेवते." तिला ठेवावे, आणि मजविषयी जो हुकूम होईल तो मान्य आहे.

तात्पर्य इतकेच की राज्य शाबूत आहे, सरदार एकोणीसचे एकोणीस आहेत, आणि पुढले पोळ्यास बैल बोटाचे दोन ठशांनी पाहतील. काल सकाळी हजेरी जाली. नावे पुकारता पुकारता गिरिजाबाईंचे नाव आले, आणि आसावरीबाई नेहमीप्रमाणे वर केलेले बोट शोधू लागल्या, तो मागल्या रांगेतोन मोठ्याने आवाज आला, "मी!"